छातीतला बॉयलर

बाबा, मला तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे आणि एक दुसरी. आनंदाची आधी सांगते, ती सांगता सांगता दुसरीला तोंड फुटेल. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून किराण्याची यादी सोडून मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर आईला विचारा, तिला माझं अक्षर लागायचं. वही नातीची आहे. पानाच्या एका बाजूला तिच्या प्रयोगाचे आकडे आहेत, दुसरी बाजू कोरी. ती म्हणाली, आजी, घे, ही फेकायचीच आहे. कागद फेकायचा म्हटलं की माझा जीव वर-खाली होतो, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मिलमधून सुताच्या कोनावरचे कागद आणायचात आणि आपण त्यावर धोब्याचा हिशेब लिहायचो.

तर नात. तुमची पणती. ती माणसाच्या हृदयावर अभ्यास करते. डॉक्टर नाही, पेशंट तपासत नाही, पण डॉक्टरांना जे कळलेलं नसतं ते शोधायचं, असं काहीतरी तिचं काम आहे. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी मोरीत बांगडे साफ करत होते आणि ती मोबाइल नाचवत आली, "आजी, हात धू आणि हे बघ." मी म्हटलं, हाताला वास आहे, तूच धर. तिने धरला. बाबा, काय सांगू. काचेच्या बशीत पाणी असावं तसं काहीतरी, त्यात पुंजका, आणि तो पुंजका धडधडत होता. आकसत होता, सुटत होता, आकसत होता, सुटत होता. माणूस नाही, छाती नाही, कुणी सांगणारं नाही. "ह्या हृदयाच्या पेशी आहेत, आम्ही वाढवल्या," ती म्हणाली. मी विचारलं, "ह्यांना दम लागत नाही?" ती हसली. मग तिने दुसरी बशी दाखवली. त्यातला पुंजका हलत होता, पण पाळी संपल्यावर घरी चाललेल्या माणसासारखा. "ह्यांना आम्ही खूप साखरेत ठेवलं," ती म्हणाली. मी म्हटलं, बिचारी. सुनेला हसू आलं, पण नातीला नाही आलं. ती म्हणाली, "हो ना, बिचारीच."

मग मी बांगडे तसेच ठेवले आणि तिला म्हटलं, नीट सांग, मलाही साखर आहे, बारा वर्षं गोळ्या खाते आहे, आतमध्ये काय होतं ते मला कुणी सांगितलेलं नाही. दवाखान्यात आकडा सांगतात आणि भात कमी करा म्हणतात. ती ओट्याला टेकून सांगायला लागली. हृदयाच्या एकेका पेशीत म्हणे हजारो बारीक बारीक यंत्रं असतात, ती जळण घेतात, हवा घेतात आणि ताकद बनवतात. त्यांचं नाव तिने तीनदा सांगितलं, मला एकदाही आलं नाही. मी म्हटलं, थांब, म्हणजे बॉयलर. ती म्हणाली, चालेल, बॉयलर. आणि हृदय ताकद साठवून ठेवत नाही. आपण जशी मासळी रोजची रोज आणतो तशी ते ताकद क्षणाची क्षणाला बनवतं, म्हणून बॉयलर एक घटकाही थांबून चालत नाही. जळण दोन तऱ्हेचं, साखर आणि चरबी. चांगलं हृदय दोन्ही जाळतं, वेळ बघून कमी-जास्त करतं. पण मधुमेह झाला की रक्तात साखर ढीगभर असून पेशीचं दार तिला नीट उघडत नाही. मग हृदय चरबीच चरबी जाळायला लागतं. त्यातूनही ताकद मिळते, नाही असं नाही, पण तेवढ्याच कामाला हवा जास्त लागते.

मी म्हटलं, "म्हणजे हवा जास्त खातो आणि वाफ कमी देतो."

ती ओटा सोडून सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्या बाबांनी."

बाबा, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतात. तिला एवढंच माहीत की पणजोबा गिरणीत होते. गिरणीत म्हटलं की मुलांना वाटतं सगळे साच्यावरच, म्हणजे कापड विणायच्या मागावर. मी तिला सांगितलं की माझे बाबा कापडाला हातही लावायचे नाहीत, ते बॉयलरवर आगवाले होते, फावड्याने कोळसा मारायचे. सगळी गिरणी त्यांच्या वाफेवर. मी डबा घेऊन फाटकाशी यायचे आणि तुम्ही बाहेर यायचात, भुवयांवर काळं, दात तेवढे पांढरे. आपण दोघं वर धुराड्याकडे बघायचो. तुम्ही म्हणायचात, "बघ बाय, काळो धूर इलो म्हणजे जळाण फुकट जाता. कोळसो कितीय घाल, तो जळाक नको?" आणि आत कुणी हवेची झडप नीट धरली नाही, बॉयलर नुसती हवा खातो आणि वाफ देत नाही, म्हणून त्याच्या नावाने शिव्या घालत पोळीचा तुकडा मोडायचात. नात म्हणाली, तसंच, अगदी तसंच. बॉयलरला सारखं वाईट जळण घातलं की बॉयलरच खराब होतो, ठिणग्या उडतात, भिंती जळतात, मग चांगलं जळण आलं तरी वाफ धरत नाही. हे समजवायला तिला म्हणे तिच्या सरांपुढे कितीतरी चित्रं दाखवावी लागली होती. मग ती मला म्हणाली, आजी, तू माझ्याबरोबर कामाला चल. मी म्हटलं, येते, बांगडे तळून झाले की येते. दिवसभर मी हवेत होते, बाबा. सुनेला दोनदा सांगितलं, शेजारणीला एकदा, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांना, जे कुठल्या मजल्यावर राहतात तेही मला माहीत नाही.

पण संध्याकाळी तांदूळ निवडताना तुम्ही आठवलात, आणि तांदूळ निवडायचे राहिले.

तुम्हाला साखर आहे हे कामगार विम्याच्या दवाखान्यात कळलं, त्या दिवशी आई रडली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. आईला एकच कळलं, साखर बंद. चहातली बंद, गूळ बंद, भात मुठीएवढा. मग माणूस फावडं मारणार कशावर? तिने ठरवलं, तुपात काय साखर आहे, खोबऱ्यात काय साखर आहे. सुरमईची तुकडी दोनदा तळून, वर तूप, वाटीभर खोबऱ्याचं वाटण. सगळ्या चाळीत तिने सांगितलं की आमच्याकडे पथ्य कडक आहे. तुम्ही निमूट खायचात. तुम्ही गेल्यावर कुणीतरी शहाण्या बाईने तिला ऐकवलं की तुपाने मारलंस नवऱ्याला, आणि आईने पुढे जन्मभर तूप तोंडाला लावलं नाही. पुरणपोळीवरसुद्धा नाही. मी नातीला हे विचारलं, भीत भीत विचारलं. ती म्हणाली, तूप एवढं देणं काही बरं नव्हतं, पण ताटातलं तूप उठून हृदयात जाऊन बसलं असं नसतं आजी, साखरेचा आजार आतून सगळंच बिघडवतो, शरीर आपली आपणच चरबी रक्तात सोडत राहतं. त्या काळी औषधंही कमी होती. एकट्या पणजीने काही केलं नाही. बाबा, आई तिकडेच आहे. हे तिला आधी सांगा, बाकीचं पत्र मागाहून वाचा. आणि तिला तूप वाढा.

आता दुसरी गोष्ट जवळ आली.

भोईवाड्याची आपली चाळ पाडली, तिथे आता बावीस मजले आहेत आणि मी चौदाव्यावर राहते. लिफ्ट आहे. जिना आहे, पण तो आग लागली तर. आपल्या वेळी तिसरा माळा म्हणजे तिसरा माळा, चाळीस पायऱ्या, मधल्या झिजून खोलगट झालेल्या. तुम्ही पहिली पाळी करून यायचात आणि दुसऱ्या माळ्यावर थांबायचात. कठड्याला हात टेकून कोपऱ्यातल्या म्हातारीला विचारायचात, "काय गे म्हातारे, झीलाचा पत्र इला काय?" ती सुरू व्हायची. मुलगा कसा, सून कशी, गावचं छप्पर कसं. तुम्ही पायरीवर बसून ऐकायचात. रोज. दुसरा माळा तुमच्यावर खूश. ती म्हातारी मला म्हणायची, "तुझ्या बापासारखा मायाळू माणूस नाही गं, माझा मुलगा विचारत नाही एवढं हा विचारतो." तिसऱ्या माळ्यावरच्या बायका चिडवायच्या, आमचं काही विचारत नाहीत ते, आमच्यावर काय राग आहे? कसं विचारणार? तिसऱ्यावर पोहोचलात की घर यायचं आणि तुम्ही खाटेवर बसायचात.

मे महिना होता. पाण्याला जोर नव्हता, तिसऱ्यावर नळाला नुसता वारा यायचा, म्हणून चार वाजता खाली रांग लावून हंडे वर न्यायचे. तुम्ही हंडा खांद्यावर घेऊन पुढे, मी कळशी कमरेवर घेऊन मागे, माझ्यामागे चाळीतल्या सगळ्या मुली. तुम्ही दुसऱ्या माळ्यावर हंडा खाली ठेवलात, पायरीवर टेकलात आणि म्हातारीला झीलाचं पत्र विचारलंत. जिना अडला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी पंधरा वर्षांची, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, काम चुकवायचं तर घरी बसा, लोकांच्या वाटेत कशाला बसता?" म्हातारी म्हणाली, "अगो, बापाला असं बोलतात?" तुम्ही मात्र हसलात. "इलंय गो बाय, इलंय," म्हणालात, हंडा उचललात आणि चार पायऱ्यांवर तुमचा हात हलला. अर्धं पाणी जिन्यावर. तुमच्या हातून फावड्यातला कोळशाचा खडा कधी बाहेर पडला नव्हता. वर गेल्यावर तुम्ही माझ्या कमरेवरची कळशी घेतलीत आणि स्वतः पिंपात ओतलीत. तरी पिंप भरलं नाही. आई म्हणाली, एवढ्या खेपा करून पिंप अर्धं कसं? मी म्हटलं, बाबांनी सांडलं. तुम्ही खाटेवर बसून म्हणालात, "माज्या हातातसून सांडला, तिका नको बोलू." आई तर मला बोलतच नव्हती. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गणपतीच्या आधी तुमचे पाय सुजले, मग छातीत पाणी झालं, आणि मग तुम्ही घरी आला नाहीत. हृदय म्हटल्यावर आम्ही कुणी विश्वास ठेवला नाही. छातीत कधी कळ नाही, हात धरला नाही, सिनेमात दाखवतात तसं काहीच नाही. नुसते थकायचात. आणि थकण्याला कोण आजार म्हणतं? थकलेला गिरणी कामगार म्हणजे नेहमीचाच गिरणी कामगार. नात म्हणते, साखरेच्या माणसाला कधी कधी कळ येतच नाही, दम लागणं हीच त्याची कळ.

असं म्हणून तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "आजी, तुला दम लागतो?"

मी म्हटलं, "मला कशाला लागेल? चौदाव्या मजल्यावर लिफ्टने येते मी."

खोटं बोलले, बाबा. तुमच्यासारखंच, तोंड हसरं ठेवून. तेव्हा असं वाटलं की तिचं लग्न व्हायचं आहे, तिचा अभ्यास संपत आला आहे, तिला माझी काळजी कशाला. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दुसऱ्या बशीतला पुंजका डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी आपलं ठरवलं की काही बोलायचं नाही, तुम्ही नाही बोललात, मी नाही बोलणार, घराण्याची रीत.

पण रीत मोडायला फूलवाली पुरली. त्या मंगळवारी नात म्हणाली, चल, मी येते बाजारात, पिशवी धरते. येताना देवळाशी आलो. मी मुद्दाम ताठ चालत होते, तोंड बंद ठेवून, नाकाने श्वास घेत. फूलवाली लांबूनच ओरडली, "आज्जी, आज बसायचं नाय काय? तुमचं खोकं ठेवलंय ना."

नात थांबली. "तुमचं खोकं?"

"रोजचं, ताई. येताना दहा मिन्टं बसतात. वेणीचा भाव विचारतात, गुलछडीचा भाव विचारतात, माझ्या पोरीची परीक्षा विचारतात. घेत काय नाय."

"परवा शेवंती घेतली होती मी," मी म्हटलं.

"एक फूल घेतलंत, आज्जी."

नातीने पिशवी खाली ठेवली, मला त्या खोक्यावर बसवलं आणि स्वतः फुटपाथच्या कडेवर बसली, चांगली इस्त्रीची पँट घालून. मला वाटलं आता ओरडेल. तिने विचारलं, "किती महिने?" मी म्हटलं, "दिवाळीपासून." ती म्हणाली, "आणि मी घरात बसून पेशींचे व्हिडिओ दाखवते तुला." मग डोळे पुसले आणि फूलवालीकडून मोठी वेणी घेतली, म्हणाली, भाव करू नकोस आजी, खोक्याचं भाडं समज. फूलवाली म्हणाली, भाडं कसलं, आज्जी बसल्या की गिऱ्हाईक थांबतं. तेव्हा मला तुमचं आणि म्हातारीचं आठवलं. तुम्ही दम खायला थांबायचात हे खरं, पण झीलाचं पत्र आलं नाही की तुम्ही घरी येऊन आईला सांगायचात, वाटीभर नाचणीची आंबील त्या म्हातारीला धाडायचात. मीही त्या फूलवालीच्या पोरीला परीक्षेच्या दिवशी दही-साखर दिली. दमाच्या निमित्ताने का होईना, माणसं झाली ना.

दुसऱ्याच दिवशी नातीने मला दवाखान्यात नेलं. उताणं झोपवून, कुशीवर वळवून, थंडगार काहीतरी लावून पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बशीतलं मी पाहिलंय, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, तुमचं आकसतं छान, पण सैल व्हायला वेळ लावतं. मी नातीकडे बघितलं. ती म्हणाली, हृदयाला सैल व्हायलाही ताकद लागते, आजी, ती आयती होत नाही. बाबा, हे ऐकून मी सरळ उठून बसायला निघाले, बाईंनी धरून ठेवलं. मला जन्मभर वाटत होतं की विसावा फुकट असतो. काम केलं की ताकद लागते, बसलं की लागत नाही. तुम्ही त्या पायरीवर बसायचात तेव्हा मला वाटायचं नुसते बसलेत. तुमचा बॉयलर तेव्हाही कोळसा मागत होता, बसता यावं म्हणून.

आता मला नवी गोळी दिली आहे, जुनी बदलली आहे. मीठ कमी, चालायचं, थांबावंसं वाटलं तर लपवायचं नाही. नात संध्याकाळी बरोबर चालते आणि मी थांबले की घड्याळ बघत नाही, हे तिचं मला फार आवडतं. पंधरवड्यात देवळापर्यंत न बसता जाता यायला लागलं आहे. तरी मी खोक्यावर बसते. फूलवालीच्या पोरीचा निकाल लागायचा आहे.

हे पत्र नातीच्या वहीतच राहील. तिला दाखवणार नाही. तिला मी तुमची सगळी गोष्ट सांगितली, धूर सांगितला, तूप सांगितलं, जिना सांगितला, तुम्हाला काय बोलले तेही सांगितलं. ती म्हणाली, तू लहान होतीस, तुला माहीत नव्हतं. बरोबर आहे, दम लागतो हे मला माहीत नव्हतं. पण एक मला माहीत होतं आणि ते मी तिलाही सांगितलेलं नाही. ते तुम्हालाही माहीत होतं, कारण कळशी तुम्ही स्वतः माझ्याकडून घेतलीत आणि आईकडे पाठ करून पिंपात ओतलीत.

त्या दिवशी पिंप भरलं नाही ते तुमच्यामुळे नव्हे, बाबा. सगळ्या खेपांना माझी कळशी अर्धीच होती.